प्रवाळाच्या टाकीतील स्पंज

समुद्रातील प्रवाळ घरी काचेच्या टाकीत वाढवण्याचा छंद अमेरिका-युरोपात चांगला रुजला आहे. त्यासाठी आणलेल्या खडकांच्या भेगांतून स्पंजही न बोलावता टाकीत येतात. काही महिन्यांत त्यांचे पांढरे-पिवळे थर खडकावर पसरतात. कधी ते प्रवाळावरच चढतात. मग झाकलेल्या भागाला प्रकाश मिळत नाही आणि तो मरतो. अशा वेळी स्पंज खरवडून टाकावा असेच कोणालाही वाटेल. पण तो काय आहे, ते आधी पाहू.

स्पंज हा रंध्रीय संघातील प्राणी. त्याला चेतासंस्था नाही, जठरही नाही. अंगावरील असंख्य छिद्रांतून पाणी आत येते, कॉलर पेशी त्यातील जीवाणू व बारीक अन्नकण टिपतात आणि पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून दाबून गाळला. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून नवे स्पंज तयार झाले! म्हणूनच टाकीच्या आत स्पंज घासू नये. तुकडे प्रवाहाबरोबर पसरतात, काही रुजतात, उरलेले कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. त्याऐवजी खडक बाहेर काढावा, खाऱ्या पाण्याच्या बादलीत घासावा, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळावा आणि ते पाणी फेकून द्यावे.

एवढ्याने काम संपत नाही. स्पंजाला दोन गोष्टी लागतात: अन्न आणि कंटिका, म्हणजे शरीराला आधार देणारे सूक्ष्म काटे, बनवण्याचे द्रव्य. बहुतेक स्पंजांच्या कंटिका सिलिकाच्या असतात. नळाच्या पाण्यातून सिलिका टाकीत येते. क्षार काढलेले पाणी वापरून त्यात समुद्री मीठ मिसळले, तर हा पुरवठा घटतो. मात्र सायकॉनसारख्या छोट्या पांढऱ्या स्पंजांच्या कंटिका कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. कॅल्शियम तर प्रवाळालाही हवेच! तेथे अन्नच आवरावे लागते.

दोघांतील फरक शाळेतही ओळखता येईल. खडकाचा कण न चिकटलेला स्पंजाचा छोटा तुकडा काचपट्टीवर ठेवून व्हिनेगरचा थेंब टाकावा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावे. कंटिका बुडबुडे सोडत विरघळल्या, तर त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या. सिलिकाच्या कंटिकांवर काही परिणाम होत नाही.

कॅरिबियन समुद्रात हॉक्सबिल कासव आणि एंजलफिश स्पंज खातात, त्यामुळे त्यांची वाढ आटोक्यात राहते. टाकीत कासव ठेवता येत नाही, आणि काही एंजलफिश प्रवाळालाही टोचतात. म्हणून तेथे लगाम आपल्याच हाती राहतो. माशांना घातलेले जादा खाद्य कुजते, त्यावर जीवाणू वाढतात आणि त्यांवर स्पंज पोसला जातो. चिमूटभर खाद्य कमी घालणे हा घासण्यापेक्षा टिकाऊ उपाय आहे.

आणि प्रवाळापासून दूर, कोपऱ्यात वाढणाऱ्या स्पंजाचे काय? तो फुकटात पाणी गाळतो आहे. त्याला आपण राहू द्यावे.