नॅस घेतला म्हणजे बॅकअप झाला?

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी आमराईत येते, भाविक चुन्याचे खडे वेचतात, आणि येरमाळ्यात त्या दिवशी कॅमेऱ्यांना उसंत नसते. पाठोपाठ लग्नसराई. फोटो-व्हिडिओचं काम करणाऱ्याकडे सुट्या हार्ड डिस्कांचा ढीग साठतो आणि कुणीतरी सल्ला देतं, ‘नॅस घे.’ राउटरला जोडायचा दोन-चार डिस्कचा डबा. सल्ला चांगलाच आहे. घोटाळा पुढच्या वाक्यात होतो: ‘यात रेड आहे, आता बॅकअपची कटकट नाही.’

रेड असतं ते एक डिस्क मेली तरी काम अडू नये एवढ्यासाठी. मिरर लावला की दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, म्हणून चुकून उडवलेला लग्नाचा फोल्डर दोन्हीकडून एकाच क्षणी उडतो. वीज वर-खाली होऊन डबा जळाला, तर झटका एकाच डिस्कला बसेल याची हमी कोण देणार? यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी वायर नॅसला जोडलेली हवी. बॅटरी संपण्याआधी नॅस आपणहून नीट बंद होतो. पण यूपीएसही बॅकअप नव्हे.

स्नॅपशॉट, म्हणजे नॅस ठरावीक वेळी टिपून ठेवतो ती फाइलींची स्थिती, त्याबद्दलही असाच समज आहे. उडवलेली फाइल कालच्या स्नॅपशॉटमधून दोन मिनिटांत परत येते, त्यामुळे सोय असेल तर तो चालू ठेवावाच. फक्त तो राहतो त्याच डिस्कवर. डबा चोरीला गेला की स्नॅपशॉटही गेला. सिंकची गोष्ट उलटी: प्रत दुसरीकडे असते, पण इकडे बिघडलेली फाइल तिकडेही बिघडलेलीच पोचते. म्हणून साधनात ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ असे दोन पर्याय दिसले तर जुन्या आवृत्त्या राखणारा निवडावा. सिनॉलॉजीत हे काम हायपर बॅकअप करतं, क्यूनॅपमध्ये हायब्रिड बॅकअप सिंक.

‘गावातल्या स्टुडिओवर कोण हल्ला करतंय?’ हल्ला गाव बघून होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर थेट उघडी असलेली क्यूनॅपची यंत्रं जगभर गाठली, फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन मागितले. अशा वेळी कायम खोचून ठेवलेली यूएसबी डिस्कही त्याच जाळ्यात सापडू शकते. बॅकअप झाला की ती काढायची. राउटरवर नॅससाठी पोर्ट उघडं ठेवायचं नाही.

आणि काढलेली डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे येरमाळ्याच्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सास्तूरकडे, घरंच्या घरं कोसळली. भूकंप राहू द्या, साध्या आगीतही एका खोलीतल्या दोन प्रती एकच ठरतात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

दुसरी जागा म्हणजे क्लाउडच, असं नाही. चार टेराबाइट माल ५० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला रात्रंदिवस सात दिवसांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. मला विचाराल तर कच्चं शूटिंग दोन यूएसबी डिस्कवर आलटून-पालटून घ्यावं, एक बार्शी किंवा कळंबच्या पाहुण्यांकडे ठेवावी, आणि क्लाउडवर निवडक फोटो, अल्बम आणि हिशेब एवढंच चढवावं. पाहुण्यांकडे जाणारी डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी. लोकांच्या घरचे फोटो असतात ते.

राहता राहिली हिरवी खूण. ‘बॅकअप यशस्वी’ म्हणजे जॉब संपला, एवढंच. माल परत येतो का ते बघायला महिन्यातून एकदा एखादी जुनी व्हिडिओ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून शेवटपर्यंत चालवून पाहावी. एन्क्रिप्शनचा पासवर्डही तेव्हाच तपासावा, आणि तो नॅसवरच्याच एखाद्या फाइलमध्ये लिहून ठेवला असेल तर आधी वहीत उतरवून घ्यावा.