कंप एकच, कारणे अनेक : मेंदूच्या प्रतिमा काय सांगतात

हात थरथरू लागला, चाल मंदावली, की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो 'पार्किन्सन', म्हणजे कंपवात. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची ओळख पटविण्याची मुख्य रीत आजही तीच आहे : रुग्ण चालताना, खुर्चीतून उठताना, बटण लावताना, सही करताना डॉक्टरांनी त्यास निरखून पाहावे. तथापि याच लक्षणांचा वेष घेऊन येणारे इतर विकार पुष्कळ आहेत आणि त्यांचे उपचार भिन्न आहेत. "एवढी यंत्रे निघाली, मग फोटोत का दिसत नाही?" असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आणि आमचे देणगीदार आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एमआरआय 'नॉर्मल' आला म्हणजे कंपवात नाही, असे नव्हे. कंपवातात मध्यमेंदूतील एका लहानशा काळसर पट्ट्यातील, डोपामिन हे रसायन निर्माण करणाऱ्या पेशी झिजत जातात. नेहमीच्या एमआरआयमध्ये ही झीज सहसा दिसत नाही. मग तो करावयाचा कशासाठी? दुसरे काही दडले आहे काय, हे पाहण्यासाठी. मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठून त्या फुगल्या असतील, तर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, लघवीवरील ताबा सुटतो, विसरभोळेपणा येतो. घरचे त्यास म्हातारपण समजतात. अशा रुग्णाच्या कण्यातून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चाल सुधारते काय हे पाहतात आणि योग्य रुग्णास नळी बसविण्याच्या शस्त्रक्रियेने पुन्हा चालते करता येते. तरुण वयात कंप आला, तर शरीरात तांबे साठविणारा विल्सनचा विकार शोधावा लागतो. त्यातही एमआरआय साहाय्य करतो, आणि निदान वेळेवर झाल्यास औषधांनी हा विकार आटोक्यात राहतो. वारंवार तोल जाऊन मागे पडणाऱ्या, नजर खाली वळविता न येणाऱ्या काही रुग्णांत मध्यमेंदू इतका आक्रसलेला असतो की बाजूने घेतलेल्या प्रतिमेत तो हमिंगबर्ड पक्ष्याच्या चोचीसारखा दिसतो. हा निराळा विकार असून त्यात कंपवाताच्या गोळ्यांचा गुण फारसा येत नाही.

पेशींची रचना नव्हे, तर त्यांचे कार्य दाखविणारी तपासणी वेगळी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९०च्या दशकात विकसित झालेले 'ट्रोडॅट' हे द्रव्य अल्प किरणोत्सारी टेक्नेशियमला जोडून शिरेतून देतात. हे टेक्नेशियम ६ तासांत निम्मे उरते. इंजेक्शननंतर ३-४ तास थांबून प्रतिमा घेतात. निरोगी मेंदूत दोन ठळक स्वल्पविराम समोरासमोर दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी विरून केवळ पूर्णविराम उरतो, बहुधा एका बाजूस अधिक.

आमच्या मते या तपासणीचे खरे मोल, ती स्वच्छ येते तेव्हा कळते. घराण्यात चालत आलेला साधा कंप, ज्यात चहाचा कप उचलताना हात हलतो, त्यात स्वल्पविराम शाबूत असतात. चक्कर, ओकारी वा मानसिक आजारावरील काही औषधांमुळे आलेल्या ताठरपणातही तसेच. सिनॅरिझिन, मेटोक्लोप्रमाइड यांसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे वृद्ध आपल्याकडे थोडे नाहीत. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबविली, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत पुष्कळ रुग्ण सुधारतात. ज्याला जन्मभराचा रोग म्हणून सांगितले गेले, त्याच्यासाठी हा फरक केवढा, हे वेगळे सांगावयास नको.

मात्र ट्रोडॅटलाही मर्यादा आहे. वर सांगितलेल्या हमिंगबर्डच्या विकारातही पूर्णविरामच दिसतात; त्यामुळे कंपवात आणि त्याचे हे भाऊबंद यांतील भेद या तपासणीने होत नाही. तेथे मेंदूतील साखरेचा वापर दाखविणारे पेट स्कॅन, एमआरआय आणि काळाची साक्ष यांवर विसंबावे लागते.

म्हणूनच प्रत्येक थरथरणाऱ्या हातासाठी महागडी तपासणी लिहून देणे आम्हांस मान्य नाही. ज्याची लक्षणे स्पष्ट आहेत आणि ज्यास गोळ्यांनी चांगला गुण येतो, त्यास ट्रोडॅटची आवश्यकता नाही. तो पैसा औषधे व व्यायामोपचार यांवर खर्च व्हावा. जेथे अहवालामुळे उपचार बदलणार आहे, तेथे मात्र केवळ पैशाअभावी तपासणी राहू नये. देणगीदारांच्या निधीचा विनियोग अशा रुग्णांसाठी व्हावा, असे आम्हांस वाटते.

नातेवाईकांस विनंती, की प्रथम भेटीस येताना मागील वर्षभरात घेतलेल्या सर्व औषधांची पाकिटे, जुन्या फिल्म्स आणि शक्य असल्यास रुग्णाच्या चालण्याचे मोबाईलवरील चित्रण सोबत आणावे.