कमरेएवढ्या पाण्यात आपले वजन किती?



हंगाम संपून पट्टा पडला की आपल्याकडची बरीच मंडळी आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जातात. रत्नागिरीहून पुढे जाताना आरे-वारेचा जोडकिनारा दिसला की गाडी थांबते. "कमरेएवढ्याच पाण्यात जाऊ, काय होतंय?" असे म्हणत पोरेबाळे पाण्यात उतरतात. याच किनाऱ्यावर जुलै २०२५ मध्ये नात्यातले चौघे एकदम बुडाले. म्हणून या खेपेस उसाची लागण बाजूला ठेवून थोडे पाण्याविषयी.

विहिरीतून पाणी शेंदताना घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, बाहेर आली की हात ओढतो. घागर तीच, मग फरक कशाचा? बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका टेकू पाणी तिला खालून देते. हा नियम आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितला.

पाणी जितके दाट, तितका टेकू जास्त. रसाचा ब्रिक्स पाहताना हायड्रोमीटरची काचेची नळी गोड रसात वर तरंगते, ती याचमुळे. साधे पाणी लिटरला १ किलो, समुद्राचे सुमारे १ किलो २५ ग्रॅम आणि २० ब्रिक्सचा रस सुमारे १ किलो ८३ ग्रॅम भरतो. म्हणजे समुद्र विहिरीपेक्षा जरा जास्त उचलतो, पण जराच.

आता ६० किलोचा गडी घ्या. कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या पायांवर जेमतेम निम्मा भार राहतो. छातीएवढ्या पाण्यात साधारण १८ ते २० किलो, आणि गळ्याएवढ्या पाण्यात पाच-सहा किलोच. पाय जमिनीला धरून ठेवतो तो आपला भार. तोच पाण्याने काढून घेतला, तर पाय रोवायचे कशावर? लाटेचा रेटा मात्र कमी होत नाही. एक घनमीटर समुद्राचे पाणी टनापेक्षा जड असते. त्यात परतणारी लाट पायाखालची वाळूही नेते. साठ किलोचा गडी वीस किलोच्या पोरासारखा ओढला जातो, मग पोराचे काय होत असेल?

पाय सुटलेच तर हात वर करून ओरडू नये. एक हात तीन किलोच्या आसपास असतो. तो पाण्याबाहेर काढला की त्याचा टेकू जातो आणि तोंड खाली जाते. उताणे व्हावे, कान पाण्यात राहू द्यावेत, छातीत हवा भरून घ्यावी, अंग तरंगते. ओढ आत नेत असेल तर तिच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर पडावे.

काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा डबा पाच किलोच्या आसपास उचलतो, म्हणजे एक डोके पाण्यावर राहते. वीस लिटरचा कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब त्याहून बरी. दोरी बांधून फेकावी आणि ११२ ला फोन लावावा.

सहलीला निघताना गाडीत एक कॅन आणि कासराभर दोरी टाकाच. पावसाळ्यात मात्र समुद्र काठावरूनच बघावा.

— ऊस विकास अधिकारी