मे महिन्यात तिला माहेर कुठलं?

मे महिना लागला, की पेणच्या अंगणांतून पोह्यांचे पापड नि मिरगुंडं वाळायला पडतात. गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा लागतात. शाळांना सुट्टी, आणि एस. टी. माहेरवाशिणींनी गच्च भरलेली. कुणी पेणहून साताऱ्याला निघालेली, कुणी रोह्याहून मुरूडला. मुलं मामाच्या घरी आंबे खातात आणि आईला चार दिवस हातात आयतं ताट मिळतं.

पण आपल्याच आळीत एखादी अशी असते, जी मे महिन्यात कुठेच जात नाही. तिचा मुलगा चौदा वर्षांचा झाला, तरी त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. किंवा मुलगी बोलत नाही आणि परक्या घरात रात्र रात्र झोपत नाही. विशेष मुलांची शाळा जवळपास असली, तरी तिलाही उन्हाळ्याची सुट्टी असतेच. म्हणजे एरवी मिळणारे चार-पाच मोकळे तासही गेले! माहेरी जावं, तर भावजय बोलून दाखवत नाही. पण मुलानं वाटी भिरकावली, की तिच्या कपाळावरची आठी दिसते. मग ही म्हणते, दिवाळीला येऊ. दिवाळीला फटाके. त्या आवाजानं मूल कान घट्ट दाबून बसतं. म्हणजे तेव्हाही जाणं नाहीच.

अशा मुलांचं उन्हाळी शिबिर मुलांसाठी असतं हे खरं. पण मला विचाराल, तर त्यातलं निम्मं त्यांच्या आयांसाठी असतं. आणि ते चालतं तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हातांवर. पैशांवाचून थोडं अडतं, माणसांवाचून फार.

या कल्पनेच्या मुळाशीही एक आईच आहे. अमेरिकेत १९६२ साली एका बाईनं युनिस केनेडी श्रायव्हर यांना फोन केला. माझ्या मुलाला कुठल्याच शिबिरात घेत नाहीत, अशी तिची तक्रार होती. युनिसबाई म्हणजे अध्यक्ष केनेडींची बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी स्वतः बौद्धिक अपंगत्व घेऊन वाढलेली, तेव्हा हे दुःख त्यांच्या घरचंच होतं. समितीबिमिती न नेमता त्यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारातच शिबिर भरवलं. पहिल्या वर्षी ३४ मुलं आणि २६ मदतनीस! मदतनिसांत बरेचसे शाळा-कॉलेजातले विद्यार्थी होते. पुढे १९६८ च्या जुलैत शिकागोला स्पेशल ऑलिंपिक्सचे पहिले सामने झाले, त्याचं बी या आवारात पडलेलं होतं.

त्या आकड्यांकडे जरा बघा. जवळजवळ एका मुलामागे एक माणूस. सगळी मेख इथेच आहे. तीस मुलं आणि तीन बाया असं शिबिर म्हणजे नुसती राखण. गाणी लावायची, खाऊ वाटायचा, फोटो काढायचा आणि घरी पाठवायचं. त्यापेक्षा आठ मुलं आणि आठ बाया बऱ्या. रोज सकाळी दोन-अडीच तास, असे दहा दिवस. कोकणातला मे महिना म्हणजे घामाच्या धारा. अकराच्या आत मुलं घरी गेलेली बरी.

आता, मदत करायची म्हणजे काय? आपल्या बायकांचे हात फार चपळ असतात, आणि इथे तोच अडथळा होतो. मूल बटणाशी झटत बसलं, की आपल्याला राहवत नाही. एका मिनिटात चारही बटणं लावून मोकळ्या! शिबिरात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की हात मागे घ्या. पण नुसतं बघत राहिल्यानंही मूल शिकत नाही. बटण शिकवायचं ते शेवटाकडून. बटण काजात अर्धं तुम्ही घालायचं, उरलेलं बाहेर ओढण्याचं काम त्याचं. ते जमलं, की थोडं कमी घालायचं. असं करत करत काज धरण्यापर्यंत मागे यायचं. यात मजा अशी, की रोजचा शेवटचा विजय त्याचा असतो. चप्पल घालणं, डब्याचं झाकण उघडणं, हात पुसणं, सगळं याच वाटेनं जातं. दहा दिवसांत एक बटण आलं, तर शिबिर पावलं म्हणायचं. त्या आईचं रोज सकाळचं एक काम कमी होतं, आणि तेही जन्मभरासाठी.

खेळही घरचेच असावेत. शेंगा सोलणं, लाडू वळणं, धान्य निवडणं, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतणं. पेणला तर शाडूला तोटा नाही. ज्या मुलाची बोटं आखडलेली आहेत, त्याला माती सैल मळून द्यावी. एखादं स्वमग्न मूल ओल्या मातीला बोटही लावणार नाही. त्याला आग्रह करू नये. त्याला ती खरोखरच सहन होत नाही, तो हट्ट नव्हे. त्याला कोरड्या तांदळात हात घालू द्या. अशा मुलाला कुकरची शिट्टीही असह्य होऊ शकते. रोजचा क्रमही बदलू नये: आधी गाणं, मग माती, मग खाऊ, तर तसंच दहाही दिवस. आणि यांतली काही मुलं पाण्याकडे ओढ घेतात. तेव्हा विहीर, तळं, नदी जवळ असेल, तर दाराशी एक जण बसलीच पाहिजे.

काही गोष्टी मात्र आधी विचारूनच घ्याव्यात. गिळायला त्रास आहे का? सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला ताठ बसवून, हनुवटी वर न उचलता, छोटे छोटे घास द्यायचे. आडवं ठेवून कधीच नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत बऱ्याच जणांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि काहींची मान नाजूक असते. म्हणून कोलांट्याउड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. औषध किती वाजता, शी-शू कशी सांगतो, कशाला घाबरतो, हे एका कागदावर आईकडूनच लिहून घ्या. तिच्याइतकं ते कुणालाच माहीत नसतं.

आणि फिट. तिची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून स्पष्टच लिहिते. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही घाला, गळ्याजवळचं सैल करा. मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर लगेच दवाखाना. नंतर मूल गुंगीत झोपतं, त्याला झोपू द्यावं. बाकीच्या मुलांना एकीनं दुसऱ्या खोलीत नेऊन गाणं म्हणावं.

पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्ट, आई डे केअर अशा संस्था या मुलांसाठी काम करतात. शिबिराचं मनात आलं, तर आधी अशा अनुभवी माणसांना भेटावं. आपल्याच मतानं हौशी कारभार मांडू नये. मात्र पेणलाच मोठं शिबिर काढून रोह्याच्या मुलांना तिथं बोलावणं मला पटत नाही. नकाशावर कासू, नागोठणे, निडी आणि आलंच रोहा. पण गर्दीच्या गाडीत मोठ्या मुलाला सांभाळत ते अंतर रोज दोनदा कापायचं, तर आईचा अख्खा दिवस गेला. मग तिला काय मिळालं? त्यापेक्षा दोन गावांत दोन छोटी शिबिरं, जमल्यास मुलांना चालत येता येईल अशा जागी. वाड्यांवरच्या मुलांना तर कुणीतरी आणल्याशिवाय येताच येत नाही, आणि त्यांच्या आया सकाळी मजुरीवर गेलेल्या असतात. तिथे एक रिक्षा ठरवणं हे एखाद्या देणगीदाराचं चोख काम.

शिबिरात मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र आहे का, हेही विचारावं. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. स्वमग्नता १९९५ च्या कायद्यातल्या यादीत नव्हती, ती आता आहे. प्रमाणपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, तर रोह्याच्या आईला मुलाला घेऊन गाडी, रांग आणि परत गाडी. सोबत दुसरं माणूस असलं, तर तिला निदान पाणी प्यायला रांग सोडता येते. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजनाही आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी ती आहे, हे पुष्कळ घरांत पोचलेलंच नसतं.

एक सांगायचं राहिलं. पहिले दोन दिवस आई जात नाही. ओट्यावर बसून राहते, दर पाच मिनिटांनी डोकावते. तिला ‘जा हो, आम्ही आहोत ना’ असं म्हणून घालवू नका. इतकी वर्षं कुणी नव्हतं, आज एकदम विश्वास कसा बसेल? बसू द्या, चहा द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आपणहून पिशवी घेऊन बाजारात जाते. दोन तासांनी परतते ती कधी नुसती कोथिंबिरीची जुडी घेऊन. इतका वेळ कुठे होतात, असं विचारू नये.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्याआधी पावसाची धांदल असते. म्हणून शिबिर मेच्या पहिल्या पंधरवड्यात आटपावं. मदतनिसांची जमवाजमव मात्र होळी झाल्यावर लगेच सुरू करायला हवी, कारण एप्रिलअखेर आपण सगळ्या माहेरची तिकिटं काढून बसलेल्या असतो. दहाही दिवस येणं जमत नसेल, तर पाच दिवसांचं सांगा. पण सांगितलेले पाचही दिवस या, कारण मूल तुमची वाट बघत दाराशी उभं राहतं.