खिडकीच्या फटीतून येणारा वैशाख

वणी परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, राजूरला चुनाभट्ट्या आहेत आणि कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. या रस्त्यांलगतच्या घरांत खिडक्या घट्ट लावून घेतल्या तरी ओटा, टीव्ही, गादीवरची चादर यांवर काळपट थर बसतोच. ही धूळ येते कुठून, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. सरकत्या खिडकीच्या पल्ल्याच्या कडेने बोट फिरवले, की तिथली केसाळ पट्टी झिजून सपाट झालेली हाताला लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या बाकी भागात कोळसा नसला तरी फुफाटा आहे आणि झळाही आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या एसींचे तापमान कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येते. म्हणजे भर दुपारी खिडकीच्या काचेच्या आत-बाहेर २० अंशांचा फरक असतो, आणि मधली फट बाहेरची हवा सतत आत सोडत राहते. चार बाय चार फुटांच्या खिडकीची कड १६ फूट भरते. तिच्याभोवती फक्त एक मिलिमीटर फट असली तरी एकूण उघडी जागा जवळजवळ ४९ चौरस सेंटिमीटर होते. भिंतीला सात सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद भोक पाडून ठेवल्यासारखे हे आहे. असे भोक दिसले असते तर घरमालकाने त्याच दिवशी गवंडी बोलावला असता. फट दिसत नाही, म्हणून एसी थंड करत नसल्याची तक्रार होते आणि दीड टनाऐवजी दोन टनांचा घ्यायची चर्चा सुरू होते.

फट नेमकी कुठे आहे, हे उदबत्ती सांगते. पंखा बंद करून पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेने सावकाश फिरवावी. धूर जिथे हेलकावतो तिथे गळती. पडद्याला मात्र सांभाळावे.

अॅल्युमिनियमच्या खिडकीत दोन वस्तू झिजतात. एक पल्ल्याच्या खाचेत बसवलेली ब्रशसारखी पट्टी. तिचे प्लास्टिकचे दाट केस उभे असतात तोवर हवा आणि धूळ अडते. उन्हाने, मातीने आणि रोजच्या घासण्याने ते आडवे पडले की ती नावापुरती उरते. दुसरी वस्तू काचेभोवतीचे रबर. स्वस्त पीव्हीसीचे रबर उन्हात कडक होऊन आकसते आणि कोपऱ्यात उघडे पडते. थोडे महाग ‘ईपीडीएम’ रबर ऊन बरेच जास्त सोसते. विदर्भात तेच घ्यावे.

पट्टी बदलणे अवघड नाही. पल्ला वर उचलून खालून आत ओढला की निघतो. काच जड असते, म्हणून दोघांनी धरावा आणि वरच्या मजल्यावर काम आतूनच करावे. जुनी पट्टी पकडीने ओढून काढायची, खाच जुन्या टूथब्रशने साफ करायची आणि काढलेला तुकडा नमुना म्हणून दुकानात न्यायचा. तळाची रुंदी आणि केसांची उंची, दोन्ही जुळायला हवे. केस उंच असले तर खिडकी सरकत नाही, बुटके असले तर फट राहते. रबर ताणून बसवू नये, नंतर ते आखडते. खालचे बेअरिंग झिजून पल्ला एका बाजूला कलला असेल, तर आधी तेच बदलावे. कललेल्या पल्ल्याला नवी पट्टी लावून पैसे वाया जातात. रुळातली पाणी जाण्याची भोके बुजवली तर मृगाचा पाऊस थेट घरात येतो.

जुन्या घरांतल्या सागवानी खिडक्यांची गोष्ट वेगळी. लाकूड उन्हाळ्यात सुकते आणि पावसाळ्यात फुगते. मे महिन्यातल्या फटीच्या मापाने जाड पट्टी ठोकली, तर श्रावणात झडप लागतच नाही. इथे चौकटीच्या खाचेत दबणारी मऊ पट्टी लावावी आणि काचेभोवतीची सुटलेली लांबी नव्याने भरावी.

कुलरच्या खोलीला मात्र उलटा नियम. कुलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो; तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकते. त्या खोलीत कुलरसमोरची खिडकी उघडीच हवी.

न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर तिथली झडप आणि फटी कधीही बंद करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरला, की खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे. नवी पट्टी लावलेल्या घट्ट खोलीत तर शेगडी नेऊच नये.