एक फासा की तीन?

रविवारच्या आमच्या डावातून एक मैत्रीण चिडून उठली. तिचा चोर कुलपं उघडण्यात पटाईत, पण सलग तीनदा फाशावर पाचच्या आतलंच पडलं. मला यात फाशाचाच दोष दिसतो. बघा, डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता 5 टक्के. 1 काय नि 10 काय, सारखेच.

म्हणून मला 1986 चं गर्प्स आवडतं. तिथे सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे. बेरीज तुमच्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की जमलं. एकूण 216 शक्यता. त्यातल्या 27 मध्ये बेरीज 10 येते, 3 मात्र एकाच. त्यामुळे कौशल्य 10 असेल तर यश 50 टक्के, 11 ला थेट 62.5 आणि 15 ला 95 च्या वर. पटाईत माणूस पटाईतच राहतो. (नियम मात्र इतके, की माझा थीसिस सोपा वाटावा!)

डंजन वर्ल्डमध्ये दोनच फासे. 10 किंवा जास्त आलं तर पूर्ण यश. 7 ते 9 आलं तर कुलूप उघडतं, पण पहारेकरी जागा होतो वगैरे. अधिक-उणे काही नसेल तर 36 पैकी 15 वेळा हेच होतं. आणि 6 किंवा कमी आलं तरी अनुभवाचा एक गुण मिळतोच. पुढच्या रविवारी हाच मांडतोय. मैत्रीण 'बघू' म्हणालीये.