जहाज सोडण्याआधीचा तास

‘कॉस्टा कॉन्कॉर्डिया’ या बुडालेल्या इटालियन प्रवासी जहाजाच्या कप्तानाचा विषय निघाला की लोकांना एकच गोष्ट आठवते: प्रवासी जहाजावर अडकलेले असताना हा पठ्ठ्या लाइफबोटीतून किनाऱ्याला लागला. ‘पाय घसरून बोटीत पडलो’ हा त्याचा खुलासा तर विनोदालाच गेला. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये इटलीतल्या न्यायालयाने या कप्तानाला, फ्रान्चेस्को स्केत्तीनोला, १६ वर्षांची शिक्षा ठोठावली, तेव्हा जहाज सोडल्याबद्दल त्यात धरलं होतं फक्त एक वर्ष. मनुष्यवधाबद्दल १० आणि जहाज बुडवल्याबद्दल ५. मला हा हिशेब योग्य वाटतो.

गडी नवखा नव्हता. सेकंड मेट, चीफ मेट आणि मग मास्टर या पायऱ्या जगभर बहुतेक सारख्याच. मधल्या काळात ठरावीक महिने समुद्रावर काढावेच लागतात. किमान निकष १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवलेले. स्केत्तीनोकडे सगळे कागद होते. गंमत म्हणजे २००२ मध्ये तो या जहाजाच्या कंपनीत लागला तोच मुळी सुरक्षा अधिकारी म्हणून, आणि २००६ मध्ये कप्तान झाला.

१३ जानेवारी २०१२. चिविताव्हेक्किया बंदरातून निघालेल्या जहाजावर ४,२२९ माणसं. वाटेत जील्यो बेटाला अगदी जवळून ‘सलामी’ द्यायची, असं कप्तानाने ठरवलं होतं; जहाजावरचा हेड वेटर त्या बेटाचा होता. रात्री पावणेदहाला खडकाने डाव्या बाजूला ५३ मीटर लांब चीर पाडली. सुकाणूवाल्याने शेवटच्या घडीला हुकूम उलटा ऐकला हे खरं, पण जहाज तिथवर नेलं कोणी?

खरा गुन्हा पुढच्या तासाभरातला. इंजिनखोलीत पाणी भरलं, दिवे गेले, आणि प्रवाशांना सांगितलं गेलं की विजेचा बिघाड आहे. एका प्रवासी बाईने घरी फोन केला, घरच्यांनी पोलिसांना कळवलं, तेव्हा कुठे तटरक्षक दलाला सुगावा लागला. त्यांनी जहाजाला विचारलं, तर त्यांनाही तेच उत्तर. जहाज सोडायचा हुकूम सुटला तो अकराला काही मिनिटं कमी असताना. तोवर जहाज इतकं कललं की एका बाजूच्या बोटी धड खाली सोडता येईनात. वाऱ्याने जहाज बेटाकडे लोटलं, नाहीतर मृतांचा आकडा कुठे गेला असता, कल्पना करवत नाही.

एकट्या कप्तानावर सगळं ढकलणंही मला पटत नाही. कंपनीच्या आपत्कालीन कक्षाच्या प्रमुखासह पाच जणांनी तडजोडीने शिक्षा घेतली. कंपनी १० लाख युरो दंड भरून मोकळी झाली. चिविताव्हेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची तर बचावाची कवायतच झाली नव्हती. त्या वेळच्या नियमात कवायतीसाठी २४ तासांची सवलत होती. जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत घेण्याची सक्ती २०१५ पासून आली.

एकूण ३२ माणसं गेली. त्यांतला सर्वांत शेवटी सापडलेला होता मुंबईकडचा एक वेटर. प्रवाशांना मदत करताना त्याला शेवटचं पाहिलं गेलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, जेनोव्हात जहाज तोडायला घेतलं असताना, एका केबिनमध्ये त्याचे अवशेष मिळाले.